ह्याला दरवाजा म्हणायचं : लहानपणीचा खेळ आणि मोठेपणीचं काम

चित्रकथी
शुक्रवार, रात्री ११:१०

दोन महिने एका बालनाट्याच्या नेपथ्यावर अडकून बसले आहे. गोष्टीत गड आहे, गडावर विहीर आहे, चोरवाट आहे आणि शेवटाकडे नदीला पूर येतो. प्रयोग शाळाशाळांच्या सभागृहांत होणार, म्हणजे सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावायला हवं आणि वीस मिनिटांत लागायला हवं. थर्माकोलचे बुरूज केले, फ्लेक्सवर तटबंदी छापून पाहिली, प्लायची घडीची कमान करून घेतली. दिसायला सगळं नीटनेटकं. पण तालमीला कलाकारांची मुलं येऊन बसतात, ती कमानीकडे एकदा बघायची आणि परत आपल्या गप्पांना लागायची. मुलांनी एकदाच बघितलं की मला कळतं, काहीतरी चुकलंय.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे मुलं दिवाळीचा किल्ला करत होती. मी भाजी घेऊन येत होते. सातआठ वर्षांच्या एका मुलीनं बाथरूमच्या टाइलचा तुटका तुकडा दोन विटांच्या मधे उभा केला आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्याला दरवाजा म्हणायचं." टाइल वीतभर उंचीची. एक मुलगा मातीची बादली घेऊन आत यायला निघाला होता. पाऊल उचललेलं होतं, नुसतं टाकलं असतं तरी तो किल्ल्यात आला असता. तो थांबला. बादली खाली ठेवली, उकिडवा बसला आणि बोटानं टाइलवर टकटक केलं. "कोण आहे?" "माती आणलीय." तिनं टाइल बाजूला केली, तो उठला, बादली उचलली आणि त्या फटीतून आधी एक पाय, मग दुसरा, असा आत गेला. मागे वळून टाइल त्यानंच परत लावली.

मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले. माझ्या कमानीवर आठवडा गेला होता आणि तिच्यावर कुणी टकटक केलं नव्हतं.

"म्हणायचं" ह्या शब्दाचा मी तेव्हापासून विचार करतेय. आपण सगळे लहानपणी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरायचो. ह्या पायरीला बस म्हणायचं. ह्या पानांना नोटा म्हणायचं, पिंपळाचं पान शंभराची, चाफ्याचं दहाची. त्यात एक हुकूम असतो आणि एक करारही. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी मानायचं, आणि मानलं की मोडायचं नाही. मोडणाऱ्याला कुणी रागवत नसे, पण पुढच्या डावाला त्याला बोलावत नसत. कल्पनाशक्ती म्हणजे मोकाट सुटलेलं काहीतरी, असं आपण मोठे झाल्यावर समजतो. मला आठवतो तो खेळ मात्र फार कडक शिस्तीचा होता.

आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो. किल्ला हौदाच्या कडेला व्हायचा. आधी विटा आणि एक मोडकी खुर्ची आडवी, त्यावर तागाचं पोतं. पोतं रात्रभर चिखलात भिजवून ठेवायचं, सकाळी दोघांनी दोन टोकं धरून उचलायचं. ओलं पोतं इतकं जड व्हायचं की मी आणि माझा चुलतभाऊ मिळून ते जेमतेम खुर्चीपर्यंत आणायचो. पसरल्यावर त्याला ज्या चुण्या पडायच्या, त्या दऱ्या. चुण्या आम्ही पाडत नव्हतो, पोतंच पाडायचं, आणि मग आम्ही त्यात बोट घालून ठरवायचो, ही खिंड, हा कडा. वरून माती लिंपायची, अळीव पेरायचे, हातानं पाणी शिंपडत राहायचं. तिसऱ्याचौथ्या दिवशी सकाळी उठून बघावं तर डोंगराला हिरवं फुटलेलं असायचं. करवंटीची विहीर, फुटक्या आरशाचा तलाव, जुन्या पेनाच्या टोपणाची तोफ. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून महाराज आणि चार मावळे आणायचे. तेवढेच पैसे मिळायचे. बाकीचं सैन्य बुद्धिबळाच्या प्याद्यांचं. महाराज दरवाजापेक्षा उंच होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. महाराज मोठेच असतात.

पुढे चित्रकलेच्या कॉलेजात प्रमाण, यथार्थदर्शन सगळं शिकले आणि ते कामाला आलं. पण पुस्तकाच्या एका पानावर मुलीपेक्षा मोठी मुंगी काढायची हिंमत कुठून आली म्हणाल, तर ती त्या महाराजांकडून. आणि पोत्याच्या चुण्यांकडून एक सवय लागली, की वस्तूला आधी तिचं काय ते करू द्यायचं आणि मग बघायचं त्यात काय दिसतंय. आजही कोरा कागद समोर आला की मी आधी तो चुरगळते.

तुमच्यातले जे कुणी चित्र काढतात, लिहितात, गातात, घरं बांधतात, सुतारकाम करतात, त्यांना विचारायचंय. तुमच्या हातात लहानपणीचा कुठला खेळ शिल्लक आहे? सविस्तर लिहा. मला ह्याची आत्ता खरंच गरज आहे.

---

भिंगरी
शनिवार, सकाळी ७:४५

दारावरची टकटक वाचून अंगावर काटा आला.

माझा खेळ भातुकली. तुळशीबागेतून आणलेला पितळेचा संच होता, त्यातलं जातं खरंच फिरायचं. पण मला आठवते ती भाषा. तुम्ही "म्हणायचं" लिहिलंत, तसं आमच्याकडे "होते" होतं. "समज हं, तू आजारी पडली होतीस आणि मी डॉक्टर होते आणि बाहेर खूप पाऊस पडत होता." खेळ अजून सुरू व्हायचाय आणि सगळं घडून गेल्यासारखं बोलायचं! कुणी शिकवलेलं नसतं. माझी भाची आज कोथरूडच्या फ्लॅटमधे तशीच बोलते.

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. पहिलं वाक्य सुचत नसलं की मोठ्यांदा म्हणते, "समज हं, एक मुलगी होती आणि तिच्याकडे छत्री नव्हती." "समज हं" नंतर खोडून टाकते. बाकीचं वाक्य तसंच राहतं आणि बहुतेक वेळा बरोबर असतं. गोष्टीचा भूतकाळ मी वाचनातून शिकले असं मला अनेक वर्षं वाटत होतं. तो भातुकलीतून आलाय.

---

नारायणपेठी
शनिवार, सकाळी ९:२०

लेख मनापासून आवडला, तरी एक वेगळं मत नोंदवतो.

वाडा, हौद, किल्ला, कुंभारवाडा हे वाचायला सुंदर वाटतं, मीही त्याच पेठांत वाढलो. पण खेळायला मिळणं ही त्या काळीही सगळ्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट नव्हती. माझा आतेभाऊ नवव्या वर्षापासून सायकलच्या दुकानात होता. सकाळी शाळा, दुपारपासून रात्री आठपर्यंत पंक्चर. वडील नव्हते. त्याच्या लहानपणात किल्ला नाही, सुट्टी नाही. आज तो गणपतीत मंडळांचे हलते देखावे करतो आणि मी पाहिलेल्या कारागिरांत त्याच्याइतकी कल्पना कुणाकडे नाही. राक्षस उठून बसतो तेव्हा आधी त्याचा खांदा उचलला जातो, मग मान. माणूस झोपेतून उठतो तसा. हे त्याला कुठल्या खेळानं दिलं?

लहानपणी खेळलो म्हणून कलावंत झालो, असं म्हणताना ज्यांना खेळता आलं नाही त्यांना आपण नकळत बाहेर ठेवतो. एवढंच.

---

सोनचाफा
शनिवार, सकाळी १०:०५

नारायणपेठींना अनुमोदन. आणि मूळ लेखही फार आवडला. वाचतेय.

---

चित्रकथी
शनिवार, दुपारी ३:३०

नारायणपेठी, तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते लागायलाच हवं होतं. मी सुट्टी आणि अंगण धरून चालले होते. पण एक विचारू का? तुमच्या आतेभावाच्या हाताशी दुकानात काय काय असायचं? दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तो काय करायचा? जमलं तर त्यांनाच विचारा.

विचारते कारण खेळाला वेळ लागतो त्यापेक्षा वस्तू लागते, असं मला वाटत चाललंय. लेव वायगॉट्स्की ह्या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मधे मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात तो म्हणतो की मुलाच्या हातातल्या काठीचा घोडा होतो, पण पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यांदा "हो!" म्हणाले होते. काठीवर टांग टाकून बसता येतं, पोस्टकार्डावर येत नाही. म्हणजे "म्हणायचं" तेही वाटेल त्याला म्हणता येत नाही. वस्तूनं आधी थोडी संमती द्यावी लागते. टाइल उभी राहिली म्हणून दरवाजा झाली.

अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार मला ह्यासाठी फार जवळचा वाटतो. वारा लागला की हळूहळू फिरणारी त्याची टांगती शिल्पं अनेकांनी फोटोत पाहिली असतील. १९०९ च्या नाताळात, अकरा वर्षांचा असताना, त्यानं पितळी पत्रा कापून आणि वाकवून आईवडिलांना भेट म्हणून एक कुत्रा आणि एक बदक केलं. त्या बदकाला टिचकी मारली की ते डुलतं. पुढे तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला, मग चित्रकलेकडे वळला, आणि १९२६ पासून पॅरिसमधे तार, बूच, चिंध्या वापरून त्यानं अख्खी सर्कस केली. कसरतपटू, सिंह, घोडे, सगळं सूटकेसमधे भरून न्यायचा आणि मित्रांसमोर गुडघ्यावर बसून स्वतः चालवायचा. तिशीच्या आसपासचा माणूस. त्या सर्कशीतून तारेची चित्रं आली आणि पुढे हलणारी शिल्पं. पण मला त्याच्या आधीचं ते बदकच दिसतं. पत्रा वाकवला की डुलतो, हे त्याला अकराव्या वर्षी कळलेलं होतं.

---

अबोली_कलाशिक्षक
शनिवार, रात्री ९:५०

जिव्हाळ्याचा विषय. मी अठरा वर्षं चित्रकला शिकवते.

पाचवीत आलेल्या पन्नास मुलांना "हवं ते काढा" म्हटलं की चाळीस कागदांवर एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड, आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. पुण्यातल्या मुलांच्या चित्रात नारळाचं झाड! खिडकीतून पर्वती दिसते, तिच्यावर देऊळ आहे, पायऱ्या आहेत, ते कुणी काढत नाही. हे त्यांच्या कल्पनेचं चित्र नाही. हे त्यांना कुणीतरी दिलेलं, शाबासकी मिळालेलं चित्र आहे.

मी स्वतः दुसरीत असताना गाय जांभळी रंगवली होती. बाईंनी कागद वर्गाला उंच धरून दाखवला आणि विचारलं, "अशी गाय असते का?" सगळा वर्ग ओरडला, "नाहीऽऽ!" शाळेचं नाव सांगत नाही, बाई आता हयात नाहीत. मला त्या गाईबद्दल सांगायचं होतं. ती संध्याकाळची गाय होती. आमच्या गल्लीतला दिवा लागायच्या आधी ती तशीच दिसायची. पण मला कुणी विचारलंच नाही. नंतर मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड मिळवली आणि दहा वर्षं एकही जांभळी गोष्ट काढली नाही.

आता वर्गात मी एक करते. कागद द्यायच्या आधी एकेक वस्तू देते. तुटकी चप्पल, कुलूप, वाळलेला भोपळा, पट्टा नसलेलं घड्याळ. पाच मिनिटं फक्त हातात धरायची आणि शेजाऱ्याला सांगायचं, ह्याला काय म्हणायचं. (खरंच, मी हाच शब्द वापरते! तो मी मुलांकडून उचलला असणार.) एका मुलानं कुलपाला "झोपलेले आजोबा" म्हटलं होतं. त्याचं चित्र मी अजून ठेवलंय. त्यानंतर कागद वाटले की डोंगर येत नाहीत.

आणि व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांना इथे नमस्कार करायलाच हवा. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रं काढली होती. आकड्यांच्या पानावर हसायची परवानगी मुलांना त्यांनी दिली.

---

ठोकळा
शनिवार, रात्री ११:३५

व्यवसायानं आर्किटेक्ट आहे, म्हणून फ्रँक लॉइड राइट ह्या अमेरिकन आर्किटेक्टची आठवण.

१८७६ मधे फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याच्या आईनं फ्रेडरिक फ्रोबेलनं बनवलेली खेळणी पाहिली आणि मुलासाठी आणली. फ्रोबेल म्हणजे बालवाडीची, किंडरगार्टनची कल्पना मांडणारा जर्मन शिक्षक. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, आणि पुढे लहान लहान ठोकळ्यांत सुटणारा घन. राइटनं म्हातारपणी लिहिलंय की मेपलच्या लाकडाचे ते गुळगुळीत ठोकळे आपल्या बोटांत अजून आहेत. त्याची घरं पाहिली की हे पटतं. एकावर एक सरकवून ठेवलेल्या, बाहेर आलेल्या आडव्या पट्ट्या.

आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोदकांनी ह्याच्या पुढचं पाऊल टाकलं. मॉन्टेसरीची साधनं महाग, खेड्यात कुणाला परवडणार? ताराबाई आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला शिंपले, बिया, पानं, मातीची भांडी, आजूबाजूला जे सापडेल त्यातून साधनं केली. नारायणपेठींच्या मुद्द्याला हे उत्तर नाही, पण जवळ जातं. खेळ श्रीमंताघरचा असावा लागत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर पत्त्यांचे बंगले. आमच्या घरी कॅट जुना, मऊ पडलेला, कडा फुगलेल्या. नव्या पत्त्यांपेक्षा तो चांगला उभा राहायचा, कारण नवे घसरतात. साइटवर अजूनही मी गुळगुळीत आणि खरखरीत ह्यात खरखरीत निवडतो.

---

हडपसर_१३
रविवार, सकाळी ८:१५

मला दोन मुलगे, नऊ आणि सहा. दोघंही माइनक्राफ्ट ह्या ठोकळे रचायच्या व्हिडिओ गेममधे रायगड बांधतायत. सगळे धागे वाचून अपराधी वाटायला लागलं होतं, पण मग परवा त्यांचं बोलणं नीट ऐकलं. धाकटा म्हणत होता, "ह्या निळ्या लोकरीला धान्य म्हणायचं, कारण धान्याचा ब्लॉक मला सापडत नाहीये." म्हणजे शब्द तिथेही जिवंत आहे. चित्रकथीताई, हे चालेल का? मनापासून विचारतोय.

---

चित्रकथी
रविवार, दुपारी १२:४०

चालेल काय, धाकट्यानं तर नेमकं तेच केलंय! जे हवं ते सापडत नाही तिथेच खेळ सुरू होतो. आम्हाला मावळे कमी पडले म्हणून प्यादी आली.

एकच सुचवते. एकदा पोतं भिजवून त्या दोघांना उचलायला द्या. पडद्यावरची वीट कधी जड होत नाही, ओली होत नाही, ठेवू तिथेच राहते. वस्तू आपलं ऐकत नाही, मग आपल्याला तिचं थोडं ऐकावं लागतं. हे हातांना कळायला माती लागते. दोन्ही असू दे.

---

कळसूत्री
रविवार, दुपारी ४:००

मी बाहुल्या करतो, त्यामुळे चित्रकार पॉल क्लेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९११ मधे क्लेनं आपल्या सगळ्या चित्रांची यादी करायला घेतली, तेव्हा त्यानं लहानपणी काढलेली चित्रंही त्यात नोंदवली. विद्यार्थी म्हणून केलेला बराच सराव मात्र वगळला. मोठा चित्रकार आपल्या कामाची सुरुवात कुठून मोजतो हे त्यातून दिसतं. पुढे मुलासाठी, फेलिक्ससाठी, त्यानं १९१६ ते १९२५ दरम्यान पन्नासेक हातबाहुल्या केल्या. त्यातल्या तीस शिल्लक आहेत. एकीचं डोकं विजेच्या सॉकेटचं, एक भूत काड्यापेट्यांचं. ह्या बाहुल्या त्यानं आपल्या यादीत घातल्या नाहीत. त्या मुलाच्या होत्या.

माझा हात मोज्यांपासून सुरू झाला. आजी मोज्याला बटणं शिवून द्यायची. दोन डोळे सारखे नसायचे, कारण एकसारखी बटणं घरात उरलेली नसायची. आजही माझ्या कुठल्याच बाहुलीचे डोळे जुळत नाहीत. लोक म्हणतात, जिवंत वाटते.

---

नारायणपेठी
रविवार, रात्री १०:२५

आतेभावाला आज फोन केला. चित्रकथी, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो तासभर बोलला.

दुकानात चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तुटलेले स्पोक बाजूला पडायचे. व्हॉल्व ट्यूबचे तुकडे असायचे आणि बेअरिंगचे छर्रे. मालक जेवायला गेला की तो स्पोकच्या टोकांना व्हॉल्व ट्यूबचे तुकडे लावून सांधे करायचा आणि त्यांचे पाय, हात जोडायचा. गुडघ्याशी ट्यूब असल्यामुळे पाय वाकायचा आणि सोडला की आपोआप सरळ व्हायचा. त्यानं एक पूर्ण माणूस केला होता. रात्री शटर ओढायच्या आधी तो खिळ्यांच्या डब्यात लपवायचा, कारण मालकाला सापडला असता तर मार बसला असता. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो आणि मला हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, म्हणजे तू खेळत होतास. तो म्हणाला, "खेळत नव्हतो रे, बघत होतो कसं हलतंय ते." राक्षसाचा खांदा आधी का उचलला जातो, हे मला आज कळलं.

ऐकताना अरविंद गुप्तांची आठवण झाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब जोडून भूमितीचे आकार करायला त्यांनी देशभरच्या मुलांना शिकवलं. इथे पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिथे ते २०१४ पर्यंत होते, नातीला घेऊन मी तिथे गेलेलो आहे. तोच ट्यूबचा सांधा माझ्या आतेभावाला एका दुकानात, एकट्याला, कुणी न शिकवता सापडला होता.

माझं पहिलं मत मी मागे घेत नाही. त्याला अंगण मिळायला हवं होतं. पण त्याच्या लहानपणात खेळ नव्हता, हे माझं म्हणणं चूक होतं.

---

भिंगरी
रविवार, रात्री १०:५०

नारायणपेठी, खिळ्यांच्या डब्यातल्या माणसावर मला गोष्ट लिहायची आहे. तुमच्या आतेभावाची परवानगी विचाराल का? त्यांनी नाही म्हटलं तर नाही लिहिणार.

---

चित्रकथी
मंगळवार, रात्री ११:४५

तालमीतून आत्ता आले.

थर्माकोल, फ्लेक्स, कमान, सगळं बाजूला ठेवलं. सोसायटीतल्या एकांकडून मिळालेलं एक जुनं तागाचं पोतं, दोन स्टुलं, एक लाकडी पाट. दिग्दर्शक आधी गप्प होते. मग म्हणाले, करून बघू. पुण्यात १९८६ मधे डॉ. मोहन आगाशे बर्लिनच्या ग्रिप्स ह्या बालरंगभूमीची नाटकं घेऊन आले, तेव्हापासून मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करणं आपल्याला परकं नाही, आमचे चारही कलाकार तिशीच्या पुढचे आहेत. पहिल्याच प्रवेशात एकीनं पाट उभा केला आणि संहितेत नसलेलं वाक्य म्हणाली, "ह्याला दरवाजा म्हणायचं."

समोर तीन मुलं बसली होती. तिघांच्या गप्पा बंद झाल्या.

स्टुलांवर पोतं टाकलं, त्याच्या चुण्या पडल्या, गड झाला. पूर कसा दाखवायचा हा प्रश्न उरला होता. मी निळं कापड आणलं होतं, ते पिशवीतून काढलंच नाही. गडाचंच पोतं कलाकारांनी हळूहळू खाली ओढत आणलं, रंगमंचभर पसरत नेलं, आणि डोंगराचं पाणी झालं. पुराचं पाणी निळं कुठे असतं? खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पुलावरून मुठा वाहते, ती आठवा. पोत्याच्याच रंगाची.

आणि मध्यंतरात एक कलाकार पाण्याची बाटली घ्यायला पाट ओलांडून निघाला. पहिल्या रांगेतला सहा वर्षांचा मुलगा उठून उभा राहिला. "अहो काका, दरवाजा आहे तिथे!" तो कलाकार थांबला, खाली बसला आणि पाटावर टकटक केलं.

आता अडचण एवढीच की एक पोतं पुरत नाही. मोठ्या गडाला किमान सहा लागतील, आणि तागाचीच हवीत, प्लॅस्टिकच्या गोणीला चुणी पडत नाही. हल्ली किराणा दुकानात सगळा माल प्लॅस्टिकमधे येतो. कुठे मिळतील?

---

नारायणपेठी
बुधवार, सकाळी ६:५०

मार्केट यार्डात भुसार बाजारात जा. तिथे बारदानवाल्यांकडे विचारा, वापरलेलं बारदान, म्हणजे तागाची पोती, मागा, नवं नको, नवं कडक असतं.

भिंगरी, तो हो म्हणाला आहे. गोष्टीत मालक वाईट दाखवू नका, एवढीच त्याची विनंती.

आणि चित्रकथी, माझ्याकडे दोन पोती आहेत. सध्या नातवाच्या किल्ल्याखाली आहेत, अळीव नुकतेच उगवलेत. दिवाळी झाली की देतो. त्याला आधी विचारावं लागेल.